उसन्या भाताचा चौकोन

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की बाई, त्या भल्या माणसांवर एवढ्या कशाला ओरडलात. ओरडले. ओरडायलाच हवं होतं. निम्मी चूक माझी होती ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे आपण सावकाश येऊ.

गोवा राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. कोकणी राजभाषा झाली होती आणि मराठीचं काय यावरून आमच्या पेडण्याच्या घरात रोज जेवताना वाद व्हायचा. त्या गडबडीत मला सरकारी नोकरी लागली, भात मोजायची. लोक कोकणीत सांगायचे, मी मराठीत टिपून घ्यायची आणि फॉर्म भरायचा इंग्रजीत. भात बिचारं मुकं, म्हणून निभावलं. वडील म्हणाले, "भात मोजूक पगार? तुझी आवय रोज मोजता, तिका कोण दिना." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचा घास न चावताच गिळला.

काम ऐकायला सोपं. प्रत्येक शेतात जाऊन वजन करणं सरकारच्या बापाला जमणार नाही. म्हणून चिठ्ठी काढल्यासारखी काही शेतं निवडायची. त्यासाठी आमच्याकडे नुसत्या आकड्यांनी भरलेलं एक पुस्तक असायचं. त्यातून शेत निघायचं, त्याच पुस्तकातून शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलं जायचं ते निघायचं. तिथे पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असा चौकोन आखायचा, त्यातलं भात कापायचं, झोडायचं, वारवायचं, वजन करायचं. अशा खूप चौकोनांवरून तालुक्यात किती पिकलं ते कळतं. आणि ते कळलं तरच बियाणं कुठे पाठवायचं, खत किती आणायचं, कुठला पाट आधी उपसायचा हे ठरवता येतं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचा पाट.

माझ्याकडे डिचोली तालुका आला. सर्वणच्या पुढे एक लहान वाडा होता, दहा-बारा घरांचा. पहिल्यांदा गेले तेव्हा पहिल्या घरात मला बसायला वेताचं कदेल, म्हणजे खुर्ची, दिलं, चहा सोनेरी काठाच्या कपातून आला, खाली तसलीच पिरीस, बशी हो. म्हटलं वा, खाऊनपिऊन सुखी घर. दुसऱ्या घरात गेले, पुन्हा वेताचं कदेल, पुन्हा सोनेरी काठ. तिसऱ्या घरात पिरीस अजून ओली होती आणि मागच्या दाराने एक मुलगी धापा टाकत आत आलेली मला दिसली. कदेल तर माझ्या आधी कुंपणावरून उड्या मारत पुढे चाललं होतं.

तर ही त्या वाड्याची रीत. पाहुणा एका घरात येतो, पण पाहुणचार सगळ्यांनी करायचा. कदेल एकाचं, कपबशी दुसऱ्याची, उंडे पाव तिसऱ्याच्या घरचे, पलंगावरची चादर चौथ्याच्या लग्नातली. यात लपवाछपवी नव्हती. पाहुण्यासमोर कुणाचं घर उघडं पडू नये एवढंच. मला ती रीत फार आवडली. नंतर तिनेच माझा जीव खाल्ला.

पुस्तकातून शेत निघालं ते वाड्याच्या अगदी शेवटच्या घरातल्या काकींचं. नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन मुरगावला, जावई तिथे गोदीत कामाला. काकींचा एकच कुणगा, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, आणि तोही पाटाच्या शेवटाला. वरच्या डोंगरावरून पावसात तांबडी माती वाहून यायची आणि पाटात बसायची. पाट इतका भरला होता की हिवाळ्यात वायंगणाचं दुसरं पीक लावल्यावर वरच्या शेतांना पाणी पुरायचं आणि काकींच्या कुणग्यापर्यंत नुसती ओल यायची. त्यांनी तीनदा अर्ज दिला होता. उत्तर एकच, तक्रारी सगळेच करतात, पीक खरंच पडलं असेल तर आकड्यात दिसेल.

"औंदा दिसलें ना, तर फुडल्या वर्सा हांव लावचें ना," काकी म्हणाल्या. "घराक कुलूप घालतलें आनी मुरगांवा वतलें. जांवय बरो आसा. पूण जांवयाच्या घरांत उदक सुद्दां विचारून पियेवचें पडटा गो बाय."

कुणगा पाहिला. एवढं विरळ भात मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन रोपांमध्ये माणूस मांडी घालून बसला असता. मला वाईट वाटलं आणि, खरं सांगते, आनंदही झाला. हा आकडा साहेबांच्या टेबलावर गेला की पाट उपसायच्या यादीत जाणारच.

आता माझी चूक. भात पिकायला आठेक दिवस होते. नियम असा की चौकोनाची जागा कापणीच्या दिवशीच काढायची, आधी कुणाला कळता कामा नये. पण ऊन रणरणत होतं, मोपेड गावाबाहेर पंक्चर होऊन पडली होती, आणि मी म्हटलं, मरो तो नियम, पुन्हा कोण पावलं मोजत बसणार. पुस्तक उघडलं, जागा काढली, चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली. वाड्यावरचे थोरले काका बांधावर उभे होते. त्यांनी विचारलं, "बाय, हांगा किदें जातलें?"

मी म्हटलं, "काका, पणजीहून मोठे साहेब येणार आहेत. वाड्याचं भात कसं आहे ते या चौकोनावरून ठरणार."

काकांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात मला धोका दिसायला हवा होता. काकी त्याच संध्याकाळी आठ दिवसांसाठी मुलीकडे गेल्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी साहेबांची जीप आली. साहेब पणजीचे, बूट चकचकीत, डोक्यावर टोपी, बोलणं कमी. मी पुढे, साहेब मागे, अख्खा वाडा आंघोळी करून बांधावर उभा. कुणग्याच्या कडेला वेताचं कदेल. कदेलावर टॉवेल. मी म्हटलं हे काय, आणि तेवढ्यात मला चौकोन दिसला.

आई शप्पथ सांगते, खरं तेच सांगते. चहूकडे तेच रडकं, विरळ भात, आणि मधोमध सुतळीच्या आत, बरोबर पाच मीटर बाय पाच मीटर, सोन्यासारखं दाट पीक. सुतळीच्या बाहेर तसलं एक रोप नाही, आत पाय ठेवायला जागा नाही. त्यात उंच लोंब्या, बुटक्या लोंब्या, लाल भात, पांढरं भात, कुठलं रोप कुणाच्या घरचं हे लांबून ओळखता यावं असं. लग्नातल्या फोटोला सगळे नातेवाईक दाटीवाटीने उभे राहतात, तसं.

पाहुणा यायचा म्हणून प्रत्येक घराने आपापल्या शेतातले चांगले ठोंब मुळांसकट काढून आणून काकींच्या चौकोनात लावले होते. काकी घरी नाही, तिची अब्रू राखायला हवी, म्हणून.

"गुड क्रॉप," साहेब म्हणाले. साहेबांना चौकोनाबाहेरचं दिसत नव्हतं असं नाही. पण बांधावर थोरल्या काकांनी त्यांना अशा जागी उभं केलं होतं की त्यांच्यासमोर चौकोनच आला. साहेबांनी कौतुकाने एक लोंबी हातात धरली, जरा ओढली. अख्खा ठोंब मातीसकट हातात आला.

साहेब ठोंबाकडे बघत राहिले. ठोंबाची माती त्यांच्या चकचकीत बुटावर पडली.

"साहेब, आमची जमीन भुसभुशीत," थोरले काका शांतपणे म्हणाले.

साहेबांनी दुसरी लोंबी ओढली. तोही ठोंब आला. दोन हातांत दोन ठोंब घेऊन ते माझ्याकडे वळले, आणि त्याच वेळी मागून हाक आली, "अगे मायझया!" काकी. मुरगावहून पहाटेच्या बसने आलेल्या, कमरेवर पिशवी, चेहरा पांढराफटक.

"हें कोणें केलें?" त्या म्हणाल्या.

सगळा वाडा हसत होता. लाजत, खुशीत, वाढदिवसाला लपून बसलेली माणसं हसतात तसा. एक वहिनी म्हणाली, "काकी, तूं नाशिल्लें मगो. आमी सगळ्यांनी मेळून केलें. तुज्या शेताची लज वचूंक जाय नाशिल्ली." काकींनी त्या चौकोनाकडे पाहिलं, मग वाड्याकडे पाहिलं, आणि मटकन बांधावर बसल्या. त्यांना शिव्या द्याव्या की आभार मानावे हे कळेना. ह्याच लोकांनी मुलीच्या लग्नात भांडी दिली होती.

मग मी सुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण मधूनमधून आठवतं. "अरे, सरकार काय मुलगी बघायला आलंय? पोहे कसे झालेत ते सांगायला आलंय? ताप असताना थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून डॉक्टरला देता का? तुमचं भात भारी दिसलं तर पणजीत काय लिहितील? सर्वणच्या बाजूला सोनं पिकतं! मग पाट कोण उपसणार? तुमचा सोनेरी काठाचा कप?" कपाचं नाव काढल्यावर एका घरातली बाई एकदम रडायला लागली, कारण कप तिचा होता. मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही.

दम लागला तेव्हा साहेब थंडपणे म्हणाले, "मॅडम, पण चौकोन कुठे आहे हे ह्यांना कळलं कसं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बांधावर बसलेल्या काकीही. वाटलं, म्हणावं माहीत नाही. नोकरी अजून कायम व्हायची होती. पण सुतळी माझीच होती, खुंट्यांवर खात्याचा रंग होता, आणि आत्ताच मी थर्मामीटरवर एवढं भाषण ठोकलं होतं. "मी आठ दिवस आधी आखला, साहेब," मी म्हटलं. "उन्हाचा कंटाळा आला म्हणून." 

 साहेबांनी दोन्ही ठोंब जपून खाली ठेवले, खिशातून आकड्यांचं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "नवीन जागा."

नवीन जागा निघाली ती कुणग्याच्या पार शेवटच्या कोपऱ्यात, जिथे तर ओलही पोचली नव्हती. खुंट्या ठोकल्या. वाड्याने एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. आता तिथे जे होतं तेच साहेबांसमोर कापायचं होतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते काकीला सगळ्यांदेखत फाटकं लुगडं नेसवून उभं करण्यासारखं होतं. दोन बायकांनी तोंडं फिरवली. काकी स्वतः उठल्या, विळा घेतला आणि खाली मान घालून कापायला लागल्या. फार वेळ लागला नाही.

झोडलं, वारवलं, कापडाच्या झोळीत घालून लटकवायच्या काट्याला अडकवलं. काटा जेमतेम हलला. मी आकडा वाचायला वाकले तर काटा आणखी जरा हलला. वर पाहिलं तर थोरल्या काकांचा हात झोळीवर, मुठीतून भात गळतंय, डोळे आभाळाकडे.

"काका!"

"थोडेंच गो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "इतलें उणें बरयनाका." एवढं कमी लिहू नकोस, म्हणत होते.

मी त्यांचं मनगट धरलं होतं. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडवेना. काकींनी झोळी काट्यावरून काढून घेतली, जमिनीवर ओतली, काकांनी टाकलेलं भात बाजूला सारलं. काकांचं भात लाल होतं आणि त्यांचं पांढरं, म्हणून निवडता आलं. दाणा दाणा वेचून त्यांनी काकांच्या ओंजळीत परत दिला, झोळी पुन्हा काट्याला लावली आणि मला म्हणाल्या, "आतां बरय."

मी लिहिलं. फॉर्मात शेऱ्याची एक ओळ असते, तिथे साहेबांनी स्वतःच्या हाताने पाटाबद्दल लिहिलं. मला त्यांनी पणजीला बोलावून असं झापलं की परत येताना बसमध्ये मी साखळीपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. नोकरी मात्र राहिली. वाडा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. घरांपुढून जायची, कुणी ये म्हणायचं नाही, कदेल नाही, कप नाही.

पुढल्या पावसानंतर पाट उपसायचं यंत्र आलं. आमच्या एकाच आकड्यामुळे आलं असं मी म्हणणार नाही. आजूबाजूच्या गावांतही आमच्या खात्याच्या लोकांनी कुठे कुठे असेच चौकोन कापले होते, त्या सगळ्यांत तीच रड निघाली होती. पण आलं. त्या वर्षीच्या वायंगणाला मी मुद्दाम गेले, पुस्तकाशिवाय, खुंट्यांशिवाय. पाटातून पाणी वाहत काकींच्या कुणग्यापर्यंत येत होतं, पुढल्या बांधाशी थांबत होतं.

काकी दारातच होत्या. कुलूप नव्हतं. मला ओसरीवर बसवलं, चटईवर, आणि आत गेल्या. मी सवयीने मागच्या दाराकडे पाहिलं. कुणी धावत आलं नाही. काकी चहा घेऊन आल्या तो कप पांढरा होता, काठाला टवका उडालेला, कान तुटलेला, खाली पिरीस नाही.

"हो कप म्हजो," त्या म्हणाल्या.

चहा फार गरम होता. कपाला कान नव्हता, म्हणून मला तो दोन्ही हातांनी धरावा लागला.