बाहेरची कडी

गिऱ्हाइकाने कडी मागितली की आमचे कडीवाले चाचा भाव सांगत नसत, चौकशी करत. "या दारामागं कोन राह्यते?" अकोल्याच्या बाजारात कडी-कुलपांची दुकानं पुष्कळ, पण विकण्याआधी उलटतपासणी घेणारं हे एकच.

घर बांधलं तेव्हा मीही दारांची यादी घेऊन गेलो. मुलाच्या खोलीला त्यांनी आतून कडी दिलीच नाही. "लेकरू कोंडून घेईन आन् तुमी बोंबलत बसान." आईच्या खोलीसाठी मी झकपक गोल मूठ निवडली होती, ती त्यांनी हातातून काढून घेतली. "माय म्हातारी हाय. तिच्यानं हे फिरवनं होईन काय?" आणि कोपरानंही दाबता येईल असं लांब हँडल बांधून दिलं.

पुढे आईचं विसरणं वाढलं. "मी घरी जातो," म्हणत ती माहेरच्या, मूर्तिजापूरच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघायची. दोनदा तिला पोलिसांनी आणून सोडलं. मी चाचांकडे गेलो आणि बाहेरून लावायची कडी मागितली.

"कोनाच्या खोलीले?"

"आईच्या."

चाचांनी समोरचा खोका बंद केला. "बाहेरून कडी गोठ्याले लावतेत, भाऊ. फाटकाले कुलूप लावा, तिच्या दाराले घंटी बांधा. वाजली का उठा."

"उठायला तुम्ही येणार काय?" मी तडकलो आणि समोरच्याच दुकानातून कडी घेतली. तिथं कुणी काही विचारलं नाही.

कडी फार कामाची निघाली. आई आतून दार वाजवायची, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. एका दुपारी वाजवणं थांबलं, तेव्हा मला लाज वाटायला हवी इतकं बरं वाटलं. चहा घेऊन गेलो तर कडी काढूनही दार उघडेना. आई दाराला टेकूनच गेली होती.

चाचा भेटायला आले. बसले नाहीत. त्या दारापाशी गेले, कडीवरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारलं, "वाजवलं होतं काय तिनं?"

"नाही," मी म्हणालो.

ते मान हलवून निघून गेले. त्यानंतर मी त्यांच्या दुकानावरून जाणंच टाळलं. यंदा चाचाही वारले. मयतीला जायची माझी हिंमत झाली नाही. कडी मी केव्हाच काढली, भोकं लांबी भरून बुजवली. खरं उत्तर मात्र द्यायचं राहिलं. सगळं विसरलेली माझी आई त्या दुपारी माझं नाव घेऊन दार वाजवत होती.