लिंपलेलं दार

बाळंतिणीला वाईट काही सांगायचं नसतं. आमच्याकडं हा नियम इतका पक्का होता, की शेजारी कोणी गेलं तरी बायकांनी बाळंतिणीच्या घराकडं पाठ करून रडावं अशी अपेक्षा असायची. बाळंतीण भ्याली की दूध आटतं, असं म्हणत. त्यामुळं पोलीस अ‍ॅक्शन झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावामागचा डोंगर चार-पाच दिवस जळत होता, आणि ते ठाऊक नसलेली गावात मी एकटीच होते.

माझं वय अठरा. नवरा परभणीला कचेरीत कारकून होता. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. माहेर म्हणजे जिंतूरच्या डोंगराखालचं शंभरेक उंबऱ्यांचं गाव. वडील तिथं शाळामास्तर. आयुष्यभर हिशेब उर्दूतून शिकवलेला हा माणूस त्या वर्षी मराठीतून शिकवायला लागला होता, मध्येच शब्दाला अडायचा आणि स्वतःवरच चिडायचा. आई माझ्या लहानपणीच गेली. घर आत्याच्या हातात होतं. आत्या ही वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माघारी आलेली. बाळंतपणं काढण्यात तिचा हात धरणारं आसपासच्या चार गावांत कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

माझी खोली घराच्या टोकाला होती. वर मातीचं माळवद, एकच दार, आणि हाताच्या पंजाएवढा झरोका. वारा लागू नये म्हणून झरोक्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबलेला. मधोमध बाज आणि बाजेखाली रात्रंदिवस पेटती शेगडी. वरून दोन वेळा ओवा, बाळंतशोपा आणि वावडिंगाची धुरी. बारा दिवस शेगडी विझू द्यायची नाही, दिवा मालवायचा नाही आणि बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. बाहेर चैत्राचं ऊन फुफाट्यासारखं तापलेलं आणि आत हा थाट. मी घामानं निथळत आत्याला विचारायचे, मला भाजून खायचा बेत आहे का. ती म्हणायची, "भाजलेलीच बाई टिकती. कच्ची राहिलीस तर म्हातारपणी कंबर धरून बसशील." आता सांगायला हरकत नाही, एवढं भाजून घेऊनही कंबर धरूनच बसले आहे.

मुलगी झाली होती. चौथ्या दिवशी मला धुराचा वेगळा वास आला. धुरीचा वास गोडसर असतो, घशाला चिकटतो. हा कोरडा होता, गवताचा. मी आत्याला तसं म्हटलं.

"तुझ्याच शेगडीचा हाय," ती म्हणाली. "नाकात बसलाय तुझ्या."

मला ते पटलं. जिथं चोवीस तास धूरच आहे तिथं दुसरा धूर ओळखायचा कसा. पण त्या दिवसापासून लोक माझ्याशी फार गोड बोलायला लागले. शेजारणी उंबऱ्याबाहेर उभ्या राहून उगीच मोठ्यांदा हसायच्या, आणि दारापासून चार पावलं लांब गेल्या की त्यांचं हसू एकदम बंद व्हायचं. मी काही खुळी नव्हते. हसणं असं मध्येच तुटत नाही.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, पुढं कोरा कागद आणि बोरू ठेवला. सटवाई येऊन त्या कागदावर लेकराचं नशीब लिहिते, ते कोणाला वाचता येत नाही, असं मानतात. सकाळी आत्या कागद उचलायला वाकली आणि तशीच थांबली. कागदावर गवताची एक जळकी काडी पडली होती. पेरांसकट, पात्यासकट, जशीच्या तशी, फक्त काळी. झरोक्याच्या फटीतून आली असणार. आत्यानं बोट लावलं तर काडीचा भुगा झाला आणि कागदावर एक करडी रेघ उरली. ती पुसायला गेली तर जास्तच पसरली. आत्यानं कागदाची घडी करून कनवटीला लावली आणि मला म्हणाली, "कायबी न्हाई. कुनी तरी धुरे जाळायलंय." चैत्रात शेताचे धुरे, म्हणजे बांध, जाळतात हे खरं, पण आत्या तेव्हा माझ्याकडं बघत नव्हती.

मग खोलीत मुंग्या आल्या. पांढरी अंडी तोंडात धरून त्या रांगेनं भिंतीवर चढल्या आणि आढ्यात गेल्या. पाठोपाठ पाली आल्या. एरवी एकमेकींवर धावून जाणाऱ्या पाली एका कोपऱ्यात सहा-सात बसून राहिल्या. सातव्या दिवशी आत्या न्हाणीकडं गेलेली बघून मी झरोक्याचा बोळा थोडा सरकवला. परसातला उजेड तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखा होता आणि सावली कशाचीच पडत नव्हती. तुळशीजवळ एक रानससा बसला होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर आमची मांजर बसली होती. दोघं एकाच दिशेला, डोंगराकडं बघत होते. मी पुष्कळ वेळ बघितलं, पण दोघांपैकी कोणी हललं नाही.

तेवढ्यात गल्लीतून कोणी म्हाताऱ्यानं विचारलेलं मला ऐकू आलं, "कोन्तं गाव जळायलंय?" कोणीतरी त्याला गप्प केलं.

ज्यांनी आदलं वर्ष काढलंय त्यांना या प्रश्नाचा अर्थ कळेल. रझाकार गावं जाळत त्या दिवसांत आकाशात धूर दिसला की आधी हेच विचारत, कोणतं गाव. मग त्या गावात आपली कोण लेक दिलेली आहे ते आठवायचं. वडील दारावरून जाताना खाकरले तेव्हा मी आतूनच विचारलं, "अण्णा, कोणतं गाव जळालं?"

ते पुन्हा खाकरले. मग म्हणाले, "कुठलं न्हाई. शाळेत पोरं गावांची नावं पाठ करायलीत."

वडिलांना खोटं बोलता येत नसे. शाळेला तेव्हा सुट्टी लागलेली होती.

आठव्या दिवशी दुपारी गाव गप्प झालं. जातं नाही, रहाट नाही, गुरांच्या गळ्यातल्या घंटा नाहीत, एक लेकरू रडत नाही. आमची मुलगी तेवढी सकाळपासून रडत होती आणि तिचा आवाज रिकाम्या गावात फार मोठा वाटत होता. आत्या आली. तिनं शेगडी इंगळांनी काठोकाठ भरली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार ओढून घेतलं. बाहेरून कडी पडली. आजवर तिनं बाहेरून कडी कधी लावली नव्हती.

दार जुनं होतं. फळ्यांच्या मधून उजेडाच्या उभ्या रेघा आत यायच्या आणि खाली उंबऱ्याशी एक आडवी. बाहेर काहीतरी ओलं थापल्याचा आवाज आला. उंबऱ्याची रेघ गेली. मग डावीकडची खालपासून वर जात बुजत गेली. मग तिच्या शेजारची. मी बाजेवर बसून बघत होते. सटवाई अशीच येते का, हे विचारायला जवळ कोणी नव्हतं. धीर करून मी विचारलं, "कोण आहे?"

थापणं थांबलं. "मी हाय. झोप."

"आत्या, काय करायलीस?"

"दार लिंपायलेय."

"काहून?"

"राहिलं होतं."

आजही मला ते उत्तर आठवलं की हसू येतं आणि त्या वेळची भीतीही आठवते. मी म्हणाले, "तू खरं सांगितलं नाहीस तर मी आता भिऊन मरेन, आणि दूध तर आटेलच."

तेव्हा कुठं तिनं सांगितलं, फळीला तोंड लावून, हळू. "डोंगराला वणवा लागलाय. आज गायरानात उतरलाय. बाप्ये पाला घेऊन आग बडवायला गेलेत. बाया-लेकरं, गुरंढोरं नदीच्या वाळूत हायेत. तुला उंबरा वलांडता यायचा न्हाई. म्हून मी थांबले. धुराचा कण आत यिऊ देत न्हाई मी."

खरं सांगते, मला बरं वाटलं. डोंगर जळतोय एवढंच होतं. माणसानं माणसाचं गाव जाळलेलं नव्हतं. आणि सगळं गाव गेलं असताना आत्या माझ्यासाठी मागं राहिली होती. तिनं झरोकाही लिंपला. खोलीत दिवा आणि शेगडी एवढाच उजेड उरला. लांबून तडतड ऐकू येत होती, तुराट्या मोडल्यासारखी. मुलगी रडायची थांबली. मी मनात म्हटलं, गुणाची गं बाई माझी.

मग माझं डोकं जड झालं. कानात घुंई असा आवाज यायला लागला, हातपाय दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वाटायला लागले. झोप येत होती आणि ती झोप गोड होती, हे कबूल केलं पाहिजे. दिवा बारीक झाला. मी वात पुढं सारली. ज्योत पुन्हा खाली बसली. वाकून बघितलं तर दिव्यात तेल काठापर्यंत होतं.

आमच्या गावात ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड मातीनं लिंपून बंद. वर्षानं पेव उघडलं की कोणी एकदम खाली उतरत नाही, आधी दोरीनं कंदील सोडतात. कंदील विझला तर आत माणसाचा जीव जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पेवाच्या बाबतीत आम्ही इतके शहाणे होतो. पण माणसं राहतात त्या खोलीलाही हाच कायदा लागू पडेल, असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. धूर बाहेरून येणार म्हणून दार बुजवलं आणि काठोकाठ भरलेली शेगडी आमच्यापाशी ठेवली. मी त्या बारीक ज्योतीकडं बघितलं आणि मला कळलं, की मी पेवात आहे.

मुलीला उचललं. मान मागं पडली. ओठांवर बोट फिरवलं तर ती चोखायला वळली नाही. तांब्या शेगडीवर उपडा केला, वाफेनं खोली भरली. मी पडत-झडत दाराशी गेले आणि एका हातानं बडवलं.

"आत्या, दार उघड."

"न्हाई. आजून चार दिस हायेत."

"पोर रडंना."

"झोपली आसंल."

"दिवा विझायलाय, आत्या. तेल हाय, तरी विझायलाय. पेवातल्यासारखा."

एकदम बाहेरून नखांनी माती ओरबाडल्याचा आवाज सुरू झाला. कडी ओल्या चिखलात रुतली होती, ती निघेना. आत्या चौसष्ट वर्षांची होती. तिनं दाराला खांदा दिला, कडी कोयंड्यासकट उपटून आली, आणि मी मुलीला छातीशी धरून उंबऱ्यावर कोसळले.

बाहेर आभाळ नव्हतं. वर सगळीकडं तांबूस, खाली काळ्या काड्या पडत होत्या आणि घसा जळेल असा धूर होता. तरी तो वारा मला आत घेता घेता पुरेना. आत्यानं मुलगी माझ्याकडून हिसकली, अंगणात पाटावर उताणी ठेवली, कांदा बुक्कीनं फोडून तिच्या नाकाशी धरला आणि टाळूवर फुंकर घालत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी देवाला काहीसुद्धा म्हटलं नाही. माझ्या तोंडून आई, आई एवढंच निघत होतं, आणि आईचा तर चेहराही मला आठवत नव्हता. मग मुलीनं पाय ओढले. एक शिंक आली. मग ती रडली, आधी मांजरीच्या पिल्लाएवढी आणि मग गावाला ऐकू जाईल अशी.

आत्याला एक लगावावी आणि तिच्या गळ्यात पडून रडावं, असं मला एकाच वेळी वाटलं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

वणवा गावात आलाच नाही. गायरानातलं गवत संपलं, पुढं नांगरलेलं काळं रान होतं, तिथं आगीला खायला काही मिळालं नाही आणि ती आपोआप बसली. दिवेलागणीला माणसं परतली. वडिलांच्या भुवया जळल्या होत्या. नदीवरच्या बायका आल्या, आठव्या दिवशी मला उघड्या अंगणात बसलेली बघून त्यांनी आत्याकडं बघितलं. आत्यानं खाली मान घातली होती. असं तिला कोणीच कधी बघितलं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या नखांत माती आणि रक्त होतं. मुलगी माझ्या अंगावर पीत होती. आत्यानं विचारलं, "पोर आधी गप झाली, का दिवा आधी बारीक झाला?"

"पोर आधी. मग दिवा."

तिनं मान हलवली. आत्याला कधीकाळी दोन मुलं झाली होती, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. दोन्ही थंडीतली, दोन्ही बारा दिवसांच्या आत गेलेली. सटवाईनं नेली, असं तिला सासरी सांगितलं होतं आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती दर पाचवीला सटवाईपुढं डोकं टेकत आली होती.

"तसंच झालं होतं," ती म्हणाली. "दोन्ही बारी. मला वाटलं त्याल सरलं. मी त्याल घातलं. आन शेगडीत आजून गवऱ्या घातल्या. लेकरू गार लागायलं होतं, म्हून."