पुढे बसा

आमच्या काकांना कुणी मागे बसलेलं खपत नसे. दुपारी डबे उघडायची वेळ झाली की शिडीखालून त्यांचा दमलेला आवाज यायचा, "चलो, सगळे पुढे. पुढे बसा." मग दर रविवारी त्यांच्या मदतीला येणारे आम्ही सगळे एका निवृत्त विमानाच्या पहिल्या रांगांत दाटीवाटीने पोळी-भाजी खायचो आणि मागे अख्खं विमान रिकामं. हिंदी बोलणारी मंडळी त्यांना 'आगेवाले अंकल' म्हणत. पहिल्या रविवारी मलाही वाटलं, म्हाताऱ्याला महागड्या सीटची हौस दिसते.

हौस कसली! गाझियाबादच्या बाहेर, हायवेलगत, हॉटेल काढायचं म्हणून कुणीतरी ते विमान आणून ठेवलं होतं. हॉटेल काही चाललं नाही. जमीन विकली गेली, आणि नव्या मालकाने बजावलं की होळीपर्यंत हलवा, नाहीतर भंगारवाला कापून नेईल. काकांची सगळी नोकरी विमानांच्या दुरुस्तीत गेलेली, आणि हे तर त्यांच्या हाताखालून कितीदा गेलेलं. पानिपतच्या वाटेवरच्या एका कॉलेजने जागा देऊ केली होती. तिथे ते सुटं करून न्यायचं आणि पुन्हा जोडून उभं करायचं, एवढंच काकांना हवं होतं. पंखांखाली पुढे टांगलेली इंजिनं आधीच कुणी काढून नेल्यामुळे नाक हलकं झालं होतं, म्हणून त्यांनी पुढे वाळूची पोती रचली होती. सामान शेपटीकडून काढायचं आणि माणसं नाकाकडे बसवायची, हा त्यांचा दंडक.

विमानाला ते 'म्हातारी' म्हणत. आठवडाभर नोएडाच्या ऑफिसात मान मोडून रविवारी पुन्हा गंजलेल्या बोल्टांशी झटायचं, म्हणजे माझा जीव मेटाकुटीला यायचा. तसं बोललो की काका म्हणायचे, "म्हातारी दमलीय, मी दमलोय, तू पण दमलास. बिल्कुल बरोबर आहे. आता तो पाना दे." थकवा त्यांना मान्य होता, सुट्टी नव्हती. बोल्ट निघाला की तो कापडी पिशवीत घालून त्याच्याच भोकाशेजारी बांधायचा, हेही त्यांचंच. कापायचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. "यार, पानिपतला निघालोय आपण," ते मफलर सारखा करत म्हणायचे, "मराठी माणसाने तिकडे जाताना तरी घाई करू नये."

जानेवारीत काकांना छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलात ठेवलं. आम्ही ठरवलं, ते येईपर्यंत काम पुढे सरकवायचं, त्यांना बरं वाटेल. त्या भरात सकाळी पुढचं स्वयंपाकघर सुटं करून खाली उतरवलं. वाटेत येत होती म्हणून वाळूची पोतीही बाहेर काढली. दुपारी धुकं विरलं आणि मागच्या दारातून छान ऊन आत आलं. दिल्लीच्या थंडीत ऊन दिसल्यावर माणूस दुसरं काही बघत नाही. डबे घेऊन सगळे मागे जाऊन बसलो. कुणीतरी लोणचं पुढे केलं, आणि जमीन हळूच कलली. डबे घसरले, नाक वर गेलं आणि शेपटी कचकन मातीत बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण शेपटीचा पोटाकडचा पत्रा चेपून गेला होता.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर काका काकूंना न जुमानता रिक्षा करून आले. बरोबर वैतागलेल्या काकू. आम्ही माना खाली घालून उभे. काकांनी आधी विचारलं, "कुणाला लागलं का?" नाही म्हटल्यावर विटांच्या ढिगावर बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढा थकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

जमीनमालकही येऊन ठेपला. "अंकल, अब तो गिर गया। कबाड़ी को दे दो।"

"गिरी नहीं है," काका म्हणाले, "बैठ गई है। थकी हुई है। उठा लेंगे।"

मालकाने खांदे उडवले, पण होळीपर्यंतची मुदत राहिली. क्रेन आणली, शेपटी इंच इंच उचलली, पोती पुन्हा नाकात चढवली. काकांना शिडी चढायला मनाई होती. खुर्ची टाकून ते खालूनच सूचना देत होते. पुढचं चाक जमिनीला टेकलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि काकूंना म्हणाले, "आता घरी चल. झोप आलीय."

होळीच्या आत विमान सुटं होऊन ट्रेलरवर चढलं. एकही तुकडा कापलेला नव्हता. ते निघालेलं काकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं. जोडलेलं मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. पावसाळ्यात ते गेले. पंख बसवायचे राहिले होते. त्यानंतर कितीतरी रविवार कामावर जावंसंच वाटलं नाही, पण पिशव्या बांधलेल्या होत्या, प्रत्येक बोल्टाला त्याचं भोक माहीत होतं. मग गेलो.

पुढच्या थंडीत म्हातारी कॉलेजच्या आवारात उभी राहिली. आता नाक सिमेंटच्या ओट्याला पक्कं आवळलेलं आहे. मागे हत्ती बांधला तरी ती हलायची नाही. त्या दिवशी काकूंना बोलावलं होतं, त्यांनी सगळ्यांसाठी डबा आणला होता. त्या आत आल्या तेव्हा आम्ही न ठरवता पहिल्या रांगांत कोंबून बसलो होतो.

"अरे, मागे केवढं ऊन आलंय," काकू म्हणाल्या. "तिकडे बसू या ना."

कुणीच उठलं नाही. काकूंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसत त्या माझ्या शेजारी जागा करून बसल्या आणि डबा उघडत म्हणाल्या, "बरं. बसा पुढेच."