सगळ्यांच्या मागून जेवणारे ब्रिगेडियर

"मॅडम, सर जेवले होते," शेजारच्या ब्रिगेडियरसाहेबांकडे काम करणारी खिन फोनवर आधी एवढंच म्हणाली. मग पुढे, "जेवून झोपले... उठलेच नाहीत." मी ऑफिसात होते, मीटिंग अर्धवट सोडून पॅसेजमध्ये आले होते. माणूस गेल्याची बातमी देताना तो जेवला होता हे आधी का सांगायचं, हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं. त्याला आता दीड महिना झाला. ब्रिगेडियर हॅल्डन यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिणारे पुष्कळ असतील, पदकांची यादी त्यांच्याकडे मिळेल. मी लिहिते आहे ते मला माहीत असलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याबद्दल.

सिंगापूरला मरीन परेडच्या आमच्या काँडोत, म्हणजे इथल्या सोसायटीत, राहायला येऊन आठवडाच झाला होता. खाली लिफ्टची वाट बघत मी वडिलांशी फोनवर बोलत होते. वडील एसटीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठे लपवत नाही. पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर माझी भाषा बदलली, पण दादांशी बोलताना ती आपोआप गावाकडे वळते. "दादा, आवशीद घेतलं का न्हाई?" असं मी मोठ्यानं विचारत होते. फोन ठेवला, तर शेजारी काठी घेऊन उभा असलेला उंच गोरा म्हातारा म्हणाला, "गाव कंचं, बाय?"

मला वाटलं, मागे कुणीतरी आहे. वळून पाहिलं, कुणी नव्हतं.

"कराडजवळ," मी म्हटलं.

"म्हंजी सातारा जिल्हा! माझी निम्मी कंपनी तिथली हुती."

हे मराठी ते बेळगावात शिकले होते. विशीच्या आत सेकंड लेफ्टनंट म्हणून आले, मराठा पलटणीत दाखल झाले, त्याच जवानांबरोबर इटलीत लढले. देश स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश सैन्यात परतले, मलायाच्या जंगलात काही वर्षं काढली, मग सिंगापूरच्या मुख्यालयात आले आणि इथेच ब्रिगेडियर झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश फौज इथून गेली तेव्हा सगळे गेले, हे राहिले. जहाजांच्या एका कंपनीत नोकरी केली, बायको इथेच वारली, मुलगी ॲन लग्न होऊन इंग्लंडला गेली. मी विचारलं होतं, "साहेब, तुम्ही का नाही गेलात?" तर म्हणाले, "तिकडं मला कोन वळखतंय?"

त्या वर्षी गणपतीत मी त्यांना इथल्या मराठी मंडळाच्या महाप्रसादाला नेलं. मंडळाच्या लोकांनी मोठ्या मानानं पहिलं ताट त्यांच्या हातात दिलं. साहेब ताट घेऊन उभेच. एक घास खाईनात. आमच्या सेक्रेटरींचा जीव वर-खाली. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिखट झालं का हो? सँडविच मागवू का?" तेवढ्यात साहेबांनी ताट बाजूला ठेवलं, वाढणाऱ्या मुलीच्या हातातला डाव घेतला आणि पंगतीत वरण वाढायला लागले. शेवटचा माणूस उठला, मग जेवले.

घरी येताना टॅक्सीत त्यांनी कारण सांगितलं. बेळगावातल्या पहिल्याच मोठ्या मार्चनंतर भूक लागली म्हणून हे सरळ जेवायला बसले. सुभेदार येऊन शेजारी नुसते उभे राहिले. काही वेळानं म्हणाले, "सायब, पोरं अजून जेवली न्हाईत." बस्स, एवढंच. त्यानंतर आयुष्यात कधी आपल्या माणसांच्या आधी घास घेतला नाही, म्हणाले.

मला ते ऐकून कौतुक वाटलं नाही, राग आला. मी तोंडावर बोलले. "साहेब, आमच्या घरी शेवटी आई जेवायची. तिला कुणी सुभेदारानं शिकवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मला नोकरी लागल्यावर मी पहिलं ठरवलं, माझ्या घरात सगळे एकदम बसतील."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुझी आई बसायची, तवा पातेल्यात काय ऱ्हायचं?"

"कधी राहायचं, कधी नाही."

"मग फरक हाय," ते म्हणाले. "माझं ताट आर्डर्ली झाकून ठिवायचा."

त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागले.

दोन वर्षांपूर्वी त्यांची जुनी मदतनीस काम सोडून कायमची फिलिपीन्सला परत गेली. ती सकाळी अकरालाच स्वयंपाकघरात रेडिओ लावून जेवून घ्यायची. तिच्या जागी म्यानमारहून खिन आली... शांत, भित्री, कामाला चोख. आणि साहेब वाळायला लागले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. ॲन विमानानं आली. ती वाईट मुलगी नव्हती, घाबरलेली होती. मला म्हणाली, "ते स्वतःची उपासमार करून घेतायत. मी त्यांना घेऊन जाते. तिकडच्या वृद्धाश्रमात जागा ठरवली आहे." साहेब माझ्याशी मराठीत बोलले, तिला कळू नये म्हणून. "बाय, मला हितं मरायचंय. तिला सांग."

मी काय सांगणार? माणूस जेवत नव्हता, हे तर खरंच होतं.

त्या रविवारी मी दुपारी वांग्याची भाजी घेऊन गेले. टेबलावर भात वाढलेला, साहेब खुर्चीत, खिन स्वयंपाकघराच्या दारात उभी. साहेबांनी तिला इंग्रजीत विचारलं, "तू जेवलीस?" ती म्हणाली, "तुमच्यानंतर, सर." साहेब म्हणाले, "मग मीही नंतर." ती उभी, हे बसलेले. भात गार झाला. तिनं तो झाकून फ्रिजमध्ये ठेवला. साहेबांनी बिस्किटाचा डबा उघडला.

मी मोठ्यानं हसले. मग हसू थांबलं. कामाला पाठवणाऱ्या एजन्सीनं तिला शिकवलेलं, मालकाआधी जेवायचं नाही. सुभेदारानं ह्यांना शिकवलेलं, आपल्या माणसाआधी जेवायचं नाही. सहा महिने दोघं एकमेकांचा मान राखत उपाशी राहात होती! नीट पाहिलं, तर खिनही वाळली होती.

"खिन, बस," मी म्हटलं.

"कॅनॉट, मॅडम! एजन्सी स्कोल्ड मी लाह!" एजन्सी रागावेल, असं ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"एजन्सीशी मी बोलते. ह्या घरात आधी तू."

मी तिला स्टुलावर बसवलं, भात गरम करून वाढला. ती मान खाली घालून भराभर जेवली. तिनं ताट उचललं तसा साहेबांनी चमचा उचलला. भात, वांगं, पुन्हा भात. ॲन दारात उभी राहून सगळं बघत होती. मग वडिलांचं तिकीट रद्द करायला आत निघून गेली.

साहेब आपल्याच घरात राहिले आणि आपल्याच पलंगावर गेले. जेवून.

त्यांचं इनॅमलचं पांढरं ताट, कडेचे टवके उडालेलं, आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. ते मी मागितलं नव्हतं. अंत्यविधीनंतर सगळे त्यांच्या घरी जमले, मी घरून करून आणलेलं वाढत होते. ॲनला बसवलं, खिनला तिच्याशेजारी बसवलं, शेजारीपाजारी, त्यांच्या जहाज कंपनीतले दोन म्हातारे... सगळे उठले तेव्हा लक्षात आलं की मी जेवायची राहिले. पातेली रिकामी झाली होती. मला आईची आठवण आली आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

खिन माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावर साहेबांचं ताट होतं, वर झाकण.

"मॅडम," ती म्हणाली, "नाऊ यू."

मी झाकण काढलं. भात अजून गरम होता.