रश्शात न सोडलेले कोफ्ते

माझी सून दुधीचे कोफ्ते तळत होती. तिनं विचारलं, "आत्याबाई, रश्शात सोडू का आता?" मी म्हटलं, "पानं मांडल्यावर सोड. आधी सोडले तर फुटतात."

हे बोल माझे नाहीत. मराठवाड्यातल्या हट्टा गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या खालाबीचे आहेत. तिच्या घरचं शिजलेलं आम्ही खात नसू. म्हणून मधल्या कुडापलीकडून ती सांगायची, "बाई, बेसन थोडंच घाला," आणि आई आपल्या चुलीवर तसं करायची.

निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत मुसलमानांची घरं भीतीनं रिकामी होत होती. एका दुपारी खालाबीच्या घरातून करपल्याचा वास आला. आई मला घेऊन आत गेली, तर घरात कुणीच नव्हतं. रस्सा आटून भांड्याला लागला होता. शेजारी परातीत तळलेले कोफ्ते होते, अजून कोमट.

आईनं चूल विझवली. परात उचलून घरी आणली.

"खा," ती म्हणाली.

"आई, आपल्याला चालत न्हाई ना?"

"खा म्हटलं ना."

आम्ही कोरडेच खाल्ले. चव रोजच्या, आईच्या कोफ्त्यांचीच होती.