बनाबाईंचा हात आणि नाथाजींचं नाक

तापातून उठल्यावर बनाबाईंना वास यायचा बंद झाला. जिभेला मीठ कळायचं, मिरचीही झोंबायची. पण लसूण परतला काय आणि खोबरं भाजलं काय, नाकाला पत्ता नसायचा. येईल तेव्हा येईल, असं पलूसच्या डॉक्टरांनी सांगितलं. बनाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन पदर खोचला.

भावकीत त्यांच्या मटणाचं नाव होतं. सून प्रियदर्शनी काळजीनं म्हणाली, "आत्या, आता मटण मी करत जाते की."

"तू भाकरी कर. मटण माझं मी बघती."

रंग डोळ्यांना दिसत होता, तेल सुटल्याचा आवाज कानांना कळत होता. उरला तो वास. त्यासाठी त्यांनी नवऱ्याला चुलीपाशी आणून बसवलं. नाथाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर ताटात पडेल ते मुकाट जेवले. कसं झालंय विचारलं तर "झ्याक" म्हणायचे, त्यापुढं शब्द नाही.

बनाबाईंनी त्यांच्या नाकापुढं चिमूटभर किस धरला. "कसला वास येतोय?"

"खोबऱ्याचा."

"त्यो येणारच. कच्चं हाय का भाजल्यालं?"

नाथाजींना सांगता येईना. मग बनाबाईंनी कच्चा, भाजलेला आणि मुद्दाम जाळलेला किस वाट्यांत काढला आणि त्यांना डोळे मिटून ओळखायला लावलं. सुभेदार पहिल्यांदा कुरकुरले, मग हट्टाला पेटले. दिवाळी येईपर्यंत अंगणातनंच ओरडून सांगायला लागले, "कांदा लागतोय बघ खाली."

ऊस कारखान्याला गेल्यावर दरवर्षी नाथाजींच्या पलटणीतले दोस्त साताऱ्याहून जेवायला यायचे. औंदाही निघाले. हळद-मीठ लावलेलं मटण चुलीवर शिजत होतं, पाट्यावर वाटण तयार होतं. कराड ओलांडल्याचा फोन आला तेव्हा नाथाजी पाट्यावर वाकले आणि थबकले.

"खोबरं करपलंय."

प्रियदर्शनीनं वास घेतला. "मामा, मला तर बरोबर वाटतंय."

बनाबाईंनी वाटण बोटावर घेऊन उजेडात धरलं. "रंग तर चांगला हाय."

"आसंल. पर मागनं कडवट वास येतोय. कढई उतरल्यावर किस तसाच तापल्या कढईत ऱ्हायला आसंल."

किस खरंच तसाच राहिला होता. तेव्हा बनाबाई शेजारणीशी बोलत दारात उभ्या होत्या. पाहुणे वाटेत, आणि ज्या माणसानं जन्मात जेवणाला नाव ठेवलं नाही तो ठाम उभा. आपणच शिकवलं आणि आपणच ऐकायचं नाही, हे बनाबाईंच्या मनाला पटेना. त्यांनी वाटण बाजूला सारलं.

"प्रिया, खोबऱ्याची दुसरी वाटी किसायला घे. कांदा मी भाजती."

पाहुणे आले तेव्हा फोडणीही पडली नव्हती. नाथाजींनी त्यांना अंगणात बसवून मटणाचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी प्यायला दिलं. आत बनाबाईंनी तेलात वाटण परतलं, घरचा कांदा-लसूण मसाला घातला, आणि कडेनं तेल सुटून आवाज बदलला तसं मटण वर ओतलं. नाथाजी आत येऊन पातेल्यावर वाकले, पसंतीची मान डोलावून बाहेर गेले.

पंगत बसली. मल्हार या जुन्या दोस्तानं तिसऱ्यांदा रस्सा मागितला. "वहिनी, तुमाला वास येत न्हाई म्हणत्यात. मग ह्ये जमतं कसं?"

"नाक ह्यांचं वापरती," बनाबाई म्हणाल्या. मंडळी हसली. नाथाजी भाकरी कुस्करत राहिले, पण कान तांबडे झाले.

पाहुण्यांची गाडी परत गेल्यावर सासूसुना जेवायला बसल्या. नाथाजी उंबऱ्यावर टेकले.

"सांगा की, वास कसा हाय," बनाबाई म्हणाल्या.

नाथाजींनी जरा विचार केला. "आदी लसूण येतोय. मग खोबरं, सावकाश. आन् सगळ्यात मागं ल्हानपणी म्हसवडला आत्याच्या घरी चुलीचा यायचा, तसा कायतरी."

बनाबाई ऐकत ऐकत घास खात होत्या. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबला नाही. पातेल्यात थोडा रस्सा उरला होता. तो त्यांनी सुनेच्या ताटात ओतला.