हिरड्या बघणाऱ्या बाई

माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता थेट त्याच्या हिरड्यांकडे बघणारी व्यक्ती अख्ख्या भूतलावर एकच असावी, आणि ती कोलकात्यात, आमच्या बरोबर डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहते. बँकेने माझी नाशिकहून इथे बदली केली तेव्हा सामानाचा ट्रक अजून अर्धाही रिकामा झाला नव्हता आणि मी जिन्यात डोक्यावर गादी धरून उभा होतो. वरून एक किडकिडीत वृद्ध बाई उतरल्या. पांढरे, बारीक कापलेले केस, कडक खळीची सुती साडी आणि पायांत खेळाडूंचे बूट. ना नमस्कार, ना चौकशी. "मराठी का?" मी "हो" म्हणालो. लगेच पुढचा हुकूम आला, "हां करो तो!" मला वाटलं, या कशाला तरी होकार मागताहेत. नव्या जागी वाईटपणा नको म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "हां!" बंगालीत "हां करो" म्हणजे "आ कर" हे मला नंतर कळलं. पण तेवढ्या एका "हां"मध्ये बाईंनी पिशवीतल्या पेनाएवढ्या टॉर्चने माझं तोंड बघून घेतलं आणि "डावीकडे नीट घासत नाही तुम्ही," असं म्हणून त्या बाजाराला निघून गेल्या. गादी तशीच माझ्या डोक्यावर.

बाईंचे वडील खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते, त्यामुळे बाई जन्मल्या, शिकल्या आणि पिकल्या त्या इथेच. मुलींच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. मराठी त्या अगदी शुद्ध बोलतात, फक्त पाणी पीत नाहीत, बंगाल्यांप्रमाणे पाणी "खातात". "गोळी खा, वर भरपूर पाणी खा," असं त्या सांगतात आणि ऐकणाऱ्याने हसलं की त्या हसण्यातही हिरड्याच बघतात. मुंजीला, बारशाला, लग्नाला त्यांचा आहेर ठरलेला: मऊ केसांचा टूथब्रश. इथल्या मराठी मंडळींतल्या एका नव्या नवरीने भर मांडवात पाकीट उघडलं आणि ब्रश बघून तिला रडूच कोसळलं. तिला वाटलं, आपल्या तोंडाला वास येतो. बाईंनी तिथल्या तिथे तिची तपासणी करून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "उत्तम आहेत. अशाच ठेव." सासरच्यांना त्या प्रमाणपत्राचा एवढा अभिमान वाटला, की ते अजून त्याबद्दल बोलतात.

हावड्याला जाणाऱ्या लाँचच्या धक्क्यावर एक तिकीट तपासनीस असतो. एकदा तो कुणाशी तरी हसत होता. बाई थांबल्या, त्याच्या खालच्या हिरडीकडे बघत राहिल्या आणि बंगालीत म्हणाल्या, "साखर तपासून घ्या." तो चिडला. पंधरा दिवसांनी मी बाईंबरोबर त्याच धक्क्यावर होतो, तर हा गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडला. साखर खरंच निघाली होती. पुढच्या खेपेला त्याने बायकोला आणून उभी केली. बाईंनी मागची रांग खोळंबवून तिचंही तोंड तपासलं आणि रांगेतला एकही माणूस कुरकुरला नाही.

ही दृष्टी त्यांना कुठून आली, हे मला त्या वर्षीच्या गणपतीत समजलं. ऐन आरतीत, सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत असताना, बाई शांतपणे पिशवीतून बिस्किटं काढून खात होत्या. एका आजोबांनी डोळे वटारले. बाई म्हणाल्या, "माझी साखर उतरलीय. देवाला चालतं, तुम्हाला चालत नसेल तर डोळे मिटा." नवव्या वर्षापासून त्यांना मधुमेह आहे. म्हातारपणी होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो, रोज इंजेक्शन घेऊन जगायचा. आज त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांच्या लहानपणी काचेची सिरिंज असायची. आई ती रोज पातेल्यात उकळायची आणि सुई बोथट झाली की वडील दगडावर तिला धार लावायचे. साखर मोजायची म्हणजे परीक्षानळीत निळं औषध घालून लघवी उकळायची. रंग विटकरी झाला की समजायचं, साखर फार चढलीय. अशा घरातून उठून ही मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि हजारो मुलींना नद्या-डोंगर शिकवून निवृत्त झाली. मला एखाद्या दिवशी दुपारचं जेवण तासभर उशिरा मिळालं तर मी बँकेत लोकांवर ओरडतो. बाईंसमोर मला माझी फार लाज वाटते.

एकच गोष्ट त्या मधुमेहाला हरल्या होत्या, ती म्हणजे दात. बत्तिसाव्या वर्षापर्यंत सगळे गेले. किडून नव्हे, हिरड्या सुजून, सैल होऊन. "दात काही एकदम पडत नसतात," असं त्या भूगोलाच्या आवाजात सांगतात. "आधी खालची माती वाहून जाते. तिकडे कुणी बघत नाही."

आमची मुलगी रेवा आठ वर्षांची असताना, नाशिकलाच, तिला हाच मधुमेह निघाला होता. इस्पितळातले ते दिवस मला नीटसे आठवत नाहीत. तिची आई सतत रडत होती एवढं मात्र आठवतं. कोलकात्याला आल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने रेवाचं ऐकून "बिचारी" म्हटलं आणि मिठाईची बशी घाईघाईने मागे घेतली. एकट्या बाई तिला दर रविवारी मिठाईच्या दुकानात घेऊन जायच्या. दोघी समोरासमोर बसायच्या, छेन्याचे संदेश नीट निरखायच्या, त्यात किती साखर असेल याचा हिशेब करून इन्शुलिन घ्यायच्या आणि मग एकेक संदेश मन लावून खायच्या. वर चूळ भरायच्या. रेवा त्यांना "बाई-आजी" म्हणायची. दुकानदार त्या दोघींसाठी कोपऱ्यातलं टेबल धरून ठेवायचा.

मग गेल्या हिवाळ्यात रेवाची साखर बिघडली. काही केल्या खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला. रेवा चिडचिडी झाली आणि परीक्षेचं निमित्त सांगून तिने वर जाणंही बंद केलं. मी बँकेतला माणूस, मला एकच उत्तर सुचलं: पोरगी चोरून गोड खातेय. "नाही खाल्लं," ती म्हणायची. मी विश्वास ठेवला नाही. एका सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना मी तिचं दप्तर उपसलं. चॉकलेटचा कागद सापडला नाही. तांबूस डाग पडलेला एक चुरगळलेला रुमाल मिळाला. लाल शाई असेल, असं समजून मी तो परत ठेवला. मागे वळलो तर रेवा दारात उभी होती. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोललीच नाही.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, बाई स्वतः खाली आल्या. विरजणाला दही हवंय म्हणाल्या, पण वाटी आणायला विसरल्या होत्या. रेवा टेबलाशी वही घेऊन बसली होती. तिच्या शेजारून जाताना बाईंना कसलासा वास आला आणि त्या थांबल्या. "हां कर, रेवा."

रेवाने ओठ घट्ट मिटून घेतले. या मुलीने आजवर बाईंना कधी नाही म्हटलं नव्हतं. मी ओरडणार तेवढ्यात बाईंनी मला हातानेच गप्प केलं. त्या तिच्या समोरच्या खुर्चीत बसल्या, दोन्ही हात तोंडाकडे नेले आणि वरची, मग खालची कवळी काढून चहाच्या बशीत ठेवली. माझ्या बायकोच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. बाईंचे गाल आत गेले, हनुवटी नाकाला भिडली आणि त्या गंभीरपणे म्हणाल्या, "माझं दाखवलं. आता तुझं दाखव."

म्हणजे म्हणायला गेल्या. प्रत्यक्षात जे बाहेर पडलं त्यात एकही अक्षर धड नव्हतं. रेवा क्षणभर बघत राहिली आणि खो खो हसली. दोन महिन्यांत आम्ही तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि त्या हसण्यात आम्हाला दिसलं. हिरड्या लालभडक, सुजून दातांवर चढलेल्या, आणि हसण्याच्या ताणानेच दोन ठिकाणी रक्त फुटलेलं.

बाईंनी कवळी बसवली. टॉर्च लावून शांतपणे सगळं बघितलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून," रेवा म्हणाली. "ब्रश केला की रक्त यायचं. मग मी ब्रश करायचंच सोडलं. नुसता ओला करून ठेवायचे."

"आईला का नाही सांगितलंस?"

रेवाने आईकडे बघितलं, मग टेबलाकडे. "ती परत इस्पितळातल्यासारखी रडली असती."

माझी बायको तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही हिला चोर ठरवलंत." हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मीही चुकले. ही वर येईनाशी झाली तेव्हाच मी खाली यायला हवं होतं."

दुसऱ्याच दिवशी त्या आम्हाला एस्प्लनेडजवळच्या एका दंतवैद्य बाईंकडे घेऊन गेल्या. त्या त्यांच्याच विद्यार्थिनी, स्वतः पन्नाशीच्या, पण बाई आत शिरताच खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आम्हाला समजावलं: साखर जास्त राहिली की हिरड्या लवकर सुजतात, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर खाली येत नाही. दोन्ही एकमेकांना वाढवतात. रक्त आलं म्हणून घासणं सोडायचं नसतं, उलट हलक्या हाताने जास्त नीट घासायचं असतं. तीन खेपांमध्ये त्यांनी रेवाचे दात हिरड्यांच्या खालपर्यंत साफ केले. बाई प्रत्येक खेपेला आत बसल्या आणि आपल्या विद्यार्थिनीच्या चुका काढत राहिल्या. सुजेबरोबर साखरही हळूहळू उतरली, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी डोस पुन्हा कमी केला. मी भारावून "चमत्कार झाला" म्हणालो, तर बाई वैतागल्या. "चमत्कार कसला? घाण निघाली. तिची माफी मागितलीत का?"

मागितली नव्हती. त्या संध्याकाळी मागितली. रेवाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दप्तर नीट लावून तरी ठेवायचं ना, बाबा."

आता आमची नागपूरला बदली झाली आहे. एप्रिलमध्ये निघायचं. तिथे दंतवैद्य मिळतील, मधुमेहाचे डॉक्टर मिळतील, सगळं मिळेल, असं मी घरात सारखं सांगत असतो. पण मला एस्प्लनेडच्या बसथांब्यावरची ती दुपार आठवत राहते. तिसरी खेप संपली होती. रेवा आपल्या गुळगुळीत दातांवरून जीभ फिरवत होती. एकदम तिने विचारलं, "बाई-आजी, तुम्हाला लहानपणी कुणी सांगितलं नाही का, हिरड्यांकडे बघायचं म्हणून?"

बाई म्हणाल्या, "सांगणार कोण गं? माझ्याआधी हे घेऊन एवढं जगलेलं कुणी आम्हाला माहीतच नव्हतं."

मी बसचा नंबर वाचायचा आहे असं दाखवून मान वळवली. मागून रेवाचा आवाज आला, "मग तुम्हाला भीती नाही वाटायची?"

"वाटायची ना," बाई म्हणाल्या. "रोज वाटायची. पण सकाळी शाळा असायची."

मग आमची बस आली. गर्दी होती. त्या दोघी माझ्या आधी चढल्या आणि आत दिसेनाशा झाल्या.